बर्फाच्या कारखान्यावरचा ढग

वीज कंपनीने आंबोशी बंदरातल्या दत्ताराम पाटण्यांच्या बर्फाच्या कारखान्यावर दुपारी अकरा ते तीन एक ढग नेमला.

कारण सरळ होतं. बंदरात घरोघर छपरांवर सोलर बसलं होतं. दुपारी सगळ्यांची वीज एकदम लाइनीत उतरायची आणि लाइन जुनी, तिच्यात ती मावेना. तेव्हा ज्याचं छप्पर मोठं त्याच्यावर सावली धरायची, असं वरून ठरलं. पाटणेशेठांचं छप्पर बंदरात सगळ्यांत मोठं.

शेठ शाळेत चौथीपर्यंत गेलेले, पुढचं शिक्षण गल्ल्यावर. भांडायचं तर समोरच्याला बसवून भांडावं. उभ्याशी भांडलं की तो निघून जातो आणि काम राहतं, हा त्यांचा अनुभव. जकात नाक्यावरच्या एका तिरसट कारकुनाला त्यांनी असंच स्टूल देऊन वळवलं होतं. ते शिडीने छपरावर चढले आणि खालून खुर्ची मागवली. ढगाला बसता येईना, पण तो खुर्चीवर जरासा टेकला.

"मूळचे कुठले आपण?"

"इथल्याच समुद्रावरचा. पण नोकरी सगळी घाटावर गेली. आत्ता माणदेशातून आलो."

"तिथे लोकांनी डोक्यावर घेतलं असेल."

"हात जोडायचे. बायका पदर पसरायच्या. पण आम्हाला पडायची परवानगी नाही, शेठ. पडला तो बडतर्फ."

शेठ मुद्द्यावर आले. "संध्याकाळी होड्या लागतात. बर्फ तयार नसला तर चोगले आणि मंडळी मासळी घेऊन पलीकडच्या बंदरात जातील, आणि गेलेलं गिऱ्हाईक फिरत नाही. विकतच्या विजेवर बर्फ केला तर त्याचा दर होड्यांना झेपत नाही. बरं, माझी वीज मीच खातो. लाइनीत घालतो कुठे?"

"खरं आहे. पण आदेशात छपराचं माप आहे, तुमच्या खाण्याचं नाही."

"आणि लाइनीत जागा झाली तर?"

"तर मी इथे कशाला थांबू?"

शेठ खाली उतरले आणि दारोदार फिरले. जी काही वीज लागते ती दुपारी लावा, लग्नाकार्यात बर्फ माझा, एवढंच बोलणं. गिरणीवाल्याने दळण दुपारवर आणलं. घराघरांतून इस्त्र्या, मिक्सर, पाण्याचे पंप बाराच्या ठोक्याला सुरू झाले. देवळाने आरती लाउडस्पीकरवर घेतली. एवढ्या कामात जेवायला सवड कुणाला? बंदर तीननंतर जेवू लागलं.

"तुमच्या ढगापायी गाव उपाशी," शेठांची बायको सुलभा म्हणाली.

पण लाइनीत जागा झाली. कंपनीने मोजून पाहिलं आणि ढगाचं पद रद्द केलं.

त्या दुपारी शेठ वर गेले तेव्हा ढग खुर्चीपासून थोडा दूर उभा होता.

"जिंकलात, शेठ."

"आता बदली कुठे?"

"बदली नाही. मी अतिरिक्त ठरलो. तीनपर्यंत आभाळातली जागा सोडायची आहे. पडायला मात्र आता हरकत नाही."

"मग पडा की. विहिरी आटल्यात."

"जमिनीत मुरलो तर समुद्रापर्यंत पोचेन याचा भरवसा नाही." ढग जरा घुटमळला. "होड्या तुमचा बर्फ घेऊन जातात ना?"

शेठांनी त्याच्याकडे पाहिलं. बर्फाचे साचे सकाळीच पाण्याने भरून ठेवले होते. ते रिकामे केले तर होड्यांना त्या दिवशी बर्फ नाही, म्हणजे ज्यासाठी गाव उपाशी ठेवलं तेच हातचं जायचं. शेठ खाली आले आणि गड्यांना म्हणाले, "साचे रिकामे करा. वरचे पत्रे सरकवा."

ढग आवाज न करता पडला. साचे भरूनही थोडा उरला, तो सुलभाने घागरीत धरला. छपरावर लख्ख ऊन आलं आणि यंत्र सुरू झालं.

संध्याकाळी चोगले होडी घेऊन आले. लाद्या पाहून म्हणाले, "शेठ, आज बर्फ पांढराफटक. दूधबीध घातलंत की काय?"

"मासळीवर घालायचा नाही हा. खोल पाण्यात नेऊन सोडायचा."

"मग विकत कशाला घेऊ?"

"पैसे मागितले का मी?"

चोगल्यांनी शेठांच्या तोंडाकडे पाहिलं. धंद्यात फुकट हा शब्द त्यांनी या तोंडून कधी ऐकला नव्हता. ते लाद्या चढवू लागले. "आणि मासळीला?"

"आज पलीकडच्या बंदरातून घे. उद्या इकडे ये."

"येतो," चोगले म्हणाले.

सुलभा घागर घेऊन आली. "भाऊजी, हेही त्याचंच आहे."

चोगल्यांनी घागरीच्या तोंडाला फडकं बांधलं, ती दोन पायांत धरली आणि होडी सोडली.

छपरावरची खुर्ची कुणी उतरवली नाही. दुपारी तिची सावली एका पॅनेलवर पडते आणि तेवढी वीज कमी येते. शेठ ती तूट धरत नाहीत.