सत्यशीलाच्या फोनचे चार विश्वस्त

माणूस एकटा जन्माला येतो आणि एकटाच जातो. मधल्या काळात त्याच्यावर लक्ष ठेवणे ही समाजाची जबाबदारी आहे.

ही जबाबदारी पूर्वी पारावर बसून पार पाडली जाई. त्यात वेळ फार जायचा आणि उन्हाळ्यात ऊन लागायचं. आता ती बंकटच्या मोबाईल दुकानातून पार पाडली जाते. हे दुकान आमच्या फाट्यावर आहे, खताच्या दुकानाला चिकटून. बोर्डावर 'रिपेअरिंग, रिचार्ज, कव्हर' एवढंच लिहिलंय. खरी सेवा बोर्डावर नाही. माणूस फोनला काच बसवायला देतो, बंकट म्हणतो, "बसा, च्या घ्या." चहा संपेपर्यंत काच बसलेली असते आणि त्या फोनचं जुळं भावंड तिसऱ्याच माणसाच्या खिशात जन्माला आलेलं असतं. इकडे मेसेज आला की तिकडेही येतो. शहरात याला क्लोनिंग वगैरे म्हणतात. आमच्याकडे शब्द आहे 'जोडणी'. नळाची जोडणी, विजेची जोडणी, तशी पोरीच्या फोनची जोडणी. पहिल्या दोन मिळायला चार-चार वर्षं लागतात, तिसरी चहात मिळते. प्रगती झाली नाही असं कोण म्हणतो?

आकडे बोलके आहेत. गावची लोकसंख्या दोन हजार एकशे चाळीस. फोन तेराशे सत्याऐंशी. सरकारी सीसीटीव्ही कॅमेरे चार (चालू: शून्य). जोडलेले फोन तीनशे बारा (चालू: तीनशे बारा). या तीनशे बारांपैकी मुलींचे आणि सुनांचे तीनशे चार. उरलेले आठ पुरुषांचे, तेही निवडणुकीपुरते.

बंकट जोडणी देताना कारण विचारतो, कारण तो कायद्याने चालणारा माणूस आहे. बहुतेक अर्जदार 'काळजी' हे कारण सांगतात. त्याखालोखाल 'जमाना खराब हाय'. एकाने 'सहज' असं सांगितलं होतं, त्याला बंकटने परत पाठवलं. सहज कोणाच्या फोनमध्ये शिरायचं नसतं, त्याला काहीतरी नैतिक पाया लागतो.

एका फोनला चारच जोडण्या देता येतात. ही मर्यादा कंपनीने का घातली कळत नाही. कंपनीत एकत्र कुटुंबातला कोणी नसावा. त्यामुळे चार जागांसाठी ओढाताण होते. सुंदररावांच्या सत्यशीलाच्या फोनवरच्या चारही जागा मात्र पहिल्याच आठवड्यात भरल्या.

सत्यशीला तेवीस वर्षांची. पोलीस भरतीसाठी दोन वर्षं रोज पहाटे कालव्याच्या रस्त्यावर पळते. गेल्या भरतीत मैदानी झाली, लेखी झाली आणि नाव प्रतीक्षा यादीत अडकलं. पुढच्या भरतीला ती वयात बसणार होती, पण घरच्यांच्या हिशोबात बसणार नव्हती. सुंदररावांनी माजलगावचं स्थळ आणून ठेवलं होतं आणि 'यंदा न्हाई तर लग्न' असा ठराव घरात एकमताने मंजूर झाला होता (मत फक्त सुंदररावांचं मोजलं).

तिच्या फोनचे चार विश्वस्त असे. पहिले, वडील सुंदरराव: काळजी. दुसरा, भाऊ पप्पू: इज्जत. तिसरे, माजी सरपंच शहादेवतात्या: गावातला सलोखा. चौथा, माजलगावचा नवरदेव आदिनाथ, साखर कारखान्यात वजनकाट्यावर क्लार्क: पसंतीपूर्व तपासणी. पोरगी बघायला आला तेव्हा पोहे खाल्ले, रंग बघितला, उंची विचारली आणि जाताना फाट्यावर थांबून जोडणी करून गेला (पहिली जोडणी झाली की पुढच्यांना पोरीचा फोन लागत नाही). चौघांनाही वाटे आपण एकटेच. बंकटने एकाचं नाव दुसऱ्याला कधी सांगितलं नाही. आमच्या गावात खाजगीपणा जपलाच जात नाही, हा आरोप खोटा आहे. चोरून वाचणाऱ्याचा जपला जातो.

आणि वाचन कसं मन लावून. पप्पूला 'आर. के.' नावाचा एक संशयित सापडला. हा इसम रोज पावणेपाचला 'उठा. पळा.' असा मेसेज टाकी. पप्पूने मोटारसायकलवर अकरा दिवस पाठलाग केला. आर. के. हे एकसष्ट वर्षांचे निवृत्त हवालदार निघाले. तोच मेसेज ते बेचाळीस पोरांना टाकत. त्यांनी पप्पूला गाडीवरून उतरवलं आणि सोळाशे मीटर पळवलं. पप्पू नऊशेला बसला.

असं सगळं सुरळीत चाललं असता सोमवारी अकरा वाजता सत्यशीलाच्या फोनवर मेसेज आला:

'प्रतीक्षा यादीतून आपली निवड झाली आहे. कागदपत्र पडताळणी: गुरुवार, सकाळी ९, बीड. मूळ कागदपत्रांसह हजर राहावे. गैरहजर उमेदवाराचा हक्क संपुष्टात येईल.'

सत्यशीला त्या वेळी कापसात होती. चारही विश्वस्तांनी तो मेसेज चार मिनिटांत उघडला. आता या जोडणीत एक गोम आहे. मेसेज एकाने उघडला की सगळीकडे तो वाचलेला दिसतो. संध्याकाळी सत्यशीलाने फोन बघितला तेव्हा नवीन म्हणून कर्जाच्या सात जाहिराती आणि रमीची एक, एवढंच दिसत होतं. तिची नोकरी त्यांच्या खाली गाडली गेली होती. पोरीच्या आयुष्यातला सगळ्यात महत्त्वाचा निरोप सगळ्यांना मिळाला होता, तिला सोडून.

मग सांगायचं ना, असं एखादा अडाणी म्हणेल. सांगितलं तर 'तुमाला कसं कळलं' हा प्रश्न येतो. शहादेवतात्या मुरलेले, ते मंगळवारी गेवराईला वकिलाकडे गेले. 'माझ्या वळखीतला एक हाय' अशी सुरुवात करून त्यांनी सगळं सांगितलं. वकील म्हणाले, "तुमच्या ओळखीतल्याला तीन वर्षं होऊ शकतात. त्यानं हे कोणालाही सांगू नये." शिवाय ही पोरगी साधी नाही, हे चौघांनाही माहीत होतं. परीक्षेसाठी तिने कायद्याची कलमं पाठ केली होती आणि घरात भांडताना ती कलमाच्या नंबराने भांडे. तिला सांगितलं तर ती पोलीस होणार. पोलीस झाली तर पहिली तक्रार लिहून घेणार. नाही सांगितलं तर पोरीची नोकरी गेली. अशा पेचात सापडलेला माणूस जे करतो तेच त्यांनी केलं. आडून सांगितलं.

मंगळवारी जेवताना सुंदरराव म्हणाले, "सत्ये, तुझं बीडला काय काम न्हाई का?"

"न्हाई अण्णा. कावून?"

"न्हाई, म्हनलं आसंल एखांदं. गुरवारी बिरवारी."

पप्पूने तिची दहावी-बारावीची मार्कलिस्टं काढून आपणहून चार-चार झेरॉक्स मारून आणल्या. तुळजाबाईंनी, म्हणजे त्यांच्या आईने, विचारलं, "आरं, स्वताचं आधार कार्ड तीन वर्षं हुडकंना तू, हिचे कागद कावून उपसायलास?"

"आसू दे की आई. कागद हायेत तवर झेरॉक्स मारून घ्यावं."

आदिनाथने माजलगावहून फोन केला. आधी हवापाणी विचारलं, मग म्हणाला, "तुमाला पोलीस गणवेश लई शोभंल आसं आपलं वाटलं." सत्यशीला म्हणाली, "तुमी तर म्हनलाव्हता नोकरी करायची न्हाई." त्यावर तिकडे रेंज गेली.

मंगळवार संध्याकाळपर्यंत बातमी गावभर होती. माहीत नसलेली माणसं दोनच: सत्यशीला आणि तुळजाबाई. तुळजाबाईंना माहीत असतं तर त्यांनी सांगून टाकलं असतं. त्यांना वाचता येत नाही, त्यामुळे लपवायचं काय असतं हे त्यांना कोणी शिकवलेलं नाही.

बुधवारी दुपारी कोंडी फुटली. शहादेवतात्यांना एक विकार आहे. गावात कोणाचं काही चांगलं झालं की त्यांच्या हातून फ्लेक्स लागतो. नातवाचा वाढदिवस, पुतण्याचं दहावी पास होणं, एकदा तर म्हैस प्रदर्शनात तिसरी आली तेव्हाही. दोन दिवस त्यांनी कळ काढली. मग राहवेना. फाट्यावर बारा बाय आठचा फ्लेक्स उभा राहिला: 'आपल्या गावची वाघीण कु. सत्यशीला सुंदरराव हिची पोलीस दलात निवड झाल्याबद्दल हार्दिक अभिनंदन. शुभेच्छुक: मा. शहादेवतात्या मित्रमंडळ.' तात्यांचा फोटो साडेचार फूट, वाघिणीचा सव्वा फूट.

मित्रमंडळातला सुग्रीव म्हणाला, "तात्या, वकील सांगू नका म्हनलाव्हता ना?"

"सांगू नका म्हनला. लावू नका आसं कुठं म्हनला बे?"

सत्यशीला दळण घेऊन येत होती. फ्लेक्सखाली उभी राहिली. आधी अक्षरं वाचली, आणि डब्यासकट खाली बसली. मग फोटो बघितला. त्यात तिने आर. के. सरांची जुनी टोपी घालून सलाम ठोकला होता आणि सलाम ठोकताना हसू फुटल्यामुळे एक डोळा मिटला होता. हा फोटो तिने आयुष्यात एकाच माणसाला पाठवला होता: मैत्रीण मंजुषाला. खाली लिहिलं होतं, 'कोणाला दाखवू नको.'

ओट्यावर बसून तिने फोन खालपर्यंत चाळला, रमीच्या खाली नोकरी सापडली. मग फोनच्या पोटात जाऊन जोडण्या बघितल्या. चार फोन होते. एक 'पप्पू किंग', एक 'तात्यासाहेब'. उरलेल्या दोघांना नाव लपवायची अक्कल होती, तिच्या ओळखीचं फोनचं मॉडेल लपवायची नव्हती. तिने जोडण्या तोडल्या नाहीत. मंजुषाला मेसेज लिहिला:

'मंजू, उद्या सहाच्या जीपनं बीडला चालले. हे वाचणाऱ्या चौघांनी पावणेसहाला फाट्यावर यावं. आपापला फोन कुलूप काढून आणावा. जे येणार नाहीत त्यांना मी बीडहून येताना ठाण्यात भेटेन.'

दोन मिनिटांत चौघांनी वाचला.

पावणेसहाला फ्लेक्सखाली पहिले पोहोचले सुंदरराव. मग पप्पू.

"तू कावून आलास बे?"

"मी फिरायला. तुमी?"

"मी बी."

मग शहादेवतात्या फिरायला आले. मग पस्तीस किलोमीटरवरून मोटारसायकलवर आदिनाथ फिरायला आला, आंघोळ करून, इस्त्रीचा शर्ट घालून. (मीही तिथे होतो. माझी जोडणी तात्यांच्या फोनला आहे, गावच्या राजकारणाच्या अभ्यासापुरती.)

सत्यशीलाने चौघांना ओळीत उभं केलं, भरतीत करतात तसं. म्हणाली, "आपला फोन उजवीकडच्याला द्या. शेवटच्यानं पहिल्याला. जीप येईपर्यंत वाचा."

"काय वाचायचं?" पप्पू म्हणाला.

"सगळं. जमाना खराब हाय, दादा."

फोन फिरले. सुंदरराव पप्पूचा वाचू लागले आणि तिसऱ्याच मेसेजला त्यांची मान पोराकडे वळली. पप्पू तात्यांचा वाचत होता आणि त्याला घाम येत होता. तात्यांना आदिनाथच्या फोनात आणखी दोन पोरींच्या जोडण्या सापडल्या, एक धारूरची, एक परळीची. आदिनाथ होणाऱ्या सासऱ्यांचा फोन वाचत असावा. त्याने चेहरा कोरा ठेवला, पण कान लाल होते.

तात्यांनी पप्पूच्या हातातून फोन ओढला. म्हणाले, "बस झालं. खाजगी हाय त्ये."

गावच्या इतिहासात हा शब्द कोणी पहिल्यांदाच उच्चारला असावा.

"परत म्हना तात्या," सत्यशीला म्हणाली.

तात्यांनी फोन खिशात घातला. सत्यशीलाने चौघांसमोर एकेक करून चारही जोडण्या तोडल्या. तेवढ्यात तुळजाबाई भाकरी आणि कागदांची पिशवी घेऊन आल्या. ओळीत खाली मान घालून उभी असलेली माणसं बघून म्हणाल्या, "बाई, येवढे समदे कावून जमलेत?"

"मला पोचवायला, आई."

"बगा, किती काळजी करत्यात," तुळजाबाई म्हणाल्या. जीप आली.

ही हकीकत मी आजवर सव्वीस जणांना सांगितली. पोरगी वेळेवर पोहोचली का, असं विचारणारे दोन. (पोहोचली, साडेआठलाच. कागद पुरे निघाले, आता ट्रेनिंगला आहे. माजलगावच्या स्थळाला तिने एका ओळीचा नकार पाठवला, तो आदिनाथने एकट्याने वाचला.) तात्यांच्या फोनात काय होतं, असं विचारणारे नऊ. बाकीच्या पंधरा जणांनी इकडेतिकडे बघून, आवाज खाली करून, बंकटचं दुकान नेमकं कोणत्या फाट्यावर आहे ते विचारलं.

तुम्ही सत्ताविसावे. विचारायला लाजू नका. फोन पोरीचा आहे की बायकोचा, तेवढं फक्त आधी सांगा. बंकटला कारण लागतं.