दहा जास्तच बरे

सकाळी निघताना तिने मुलीच्या कपाळाला हात लावला, मग गळ्याला, मग स्वतःच्या कपाळाला.

"अंग गरम लागतंय हो."

"कालही लागत होतं. थर्मामीटर काही म्हणत नाही," नवरा म्हणाला.

"मग संध्याकाळी एवढी किरकिर का करते?"

"दात येत असतील," सासूबाई स्वयंपाकघरातून म्हणाल्या. सासरे वर्तमानपत्राच्या आड होते. ते तिथेच राहिले. तिने असू दे म्हणून मुलीला वरून आणखी एक झबलं चढवलं आणि कामावर गेली.

ती वर्कशॉपमध्ये सेटर होती, मशीन लावून द्यायचं काम तिचं. नव्या मशीनचं टेबल कलायचं, गोल फिरायचं, आणि एकदा बांधलेला जॉब, म्हणजे कापायचा तुकडा, पाच बाजूंनी कापून निघायचा. आजचा नमुना नीट उतरला तर हे मशीन तिचं, म्हणजे दिवसपाळी तिची. नाही तर पुन्हा जुनं मशीन आणि दुसरी पाळी. दुसऱ्या पाळीत घरी पोचेपर्यंत मुलगी झोपलेली असायची आणि आईच्या वाट्याला पांघरुणाबाहेर आलेले तळपाय तेवढे यायचे.

धातूचा तुकडा एकच होता. तो गिऱ्हाइकाने स्वतः आणून दिला होता, आणि नमुना बघायला गिऱ्हाईक स्वतः येणार होतं.

आपण धरलेलं टूल किती लांब आहे, हे मशीनला दिसत नाही. ते सांगावं लागतं. टूल धरून फिरणाऱ्या स्पिंडलच्या तोंडापासून टूलच्या टोकापर्यंत मोजायचं आणि आकडा भरायचा. आकडा कमी भरला तर टूल जॉबमध्ये धाडकन घुसतं. जास्त भरला तर वरच्या वर थांबतं. जास्त भरल्याने कुणाचं वाईट झालेलं तिने पाहिलं नव्हतं. म्हणून मोजून आलेल्या लांबीत तिने दहा मिलिमीटर वाढवून ठेवले. पहिली फेरी हवेत होईल, मग काढून टाकू. यात सांगण्यासारखं काय आहे?

गिऱ्हाईक आलं. मालक हात चोळत उभे राहिले. शेजारी प्रोग्रामर आणि तपासणीवाले काका. तिने बटण दाबलं. टूल डौलात खाली आलं, थांबलं, आणि हवेत कापू लागलं. टेबल कललं, फिरलं. टूलही त्याच्याभोवती फिरलं. एकमेकांना अंगही न लावता दोघांनी पूर्ण नमुना करून दाखवला.

"छान आहे," गिऱ्हाईक म्हणालं. "कापतं कधी?"

दहा मिलिमीटरऐवजी चांगली दोन बोटं जागा राहिली होती. काकांनी पट्टी धरली. "चाळीस आहेत गं पोरी."

दहाऐवजी चाळीस भरले की काय आपण?

"चला, तोवर चहा घेऊ," मालक घाईने म्हणाले आणि गिऱ्हाइकाला घेऊन गेले. तिने आजूबाजूला पाहिलं आणि पटकन लांबीतून चाळीस वजा केले. मग ती पाणी प्यायला गेली. परत आली तेव्हा काका मशीनपाशी होते.

"चष्मा राहिला होता," ते म्हणाले. चष्मा त्यांच्या डोळ्यांवर होता.

थोड्या वेळाने तिथे प्रोग्रामर दिसला. तो स्क्रीनला फडकं मारत होता. स्क्रीन पुसणारा प्रोग्रामर तिने आजवर पाहिला नव्हता, पण तिला आता दुसरा विचार सुचत नव्हता.

चहा संपला. मंडळी पुन्हा जमली. तिने बटण दाबलं, पण दुसरा अंगठा थांबवायच्या बटणावर ठेवूनच. तिची ही सवय होती, आणि त्यावरून सगळे तिला हसायचे. एक डोळा टूलवर, एक स्क्रीनवर. टूल आणि जॉब यांच्यात वीतभरही अंतर उरलं नव्हतं, आणि स्क्रीन म्हणत होती, अजून बरंच खाली जायचंय.

"अहो, जाणार कुठे? खाली जॉब आहे!" ती ओरडली आणि अंगठा दाबला.

टूल आणि जॉब यांच्यामध्ये पुठ्ठा सरकवता आला असता. जाड नव्हे, पातळ.

आधी तिनेच तोंड उघडलं. "माझीच चूक. मी दहा जास्त धरले होते, जपून. नंतर चाळीस काढले."

"मीसुद्धा धरले होते," प्रोग्रामर जमिनीकडे बघत म्हणाला. "प्रोग्राममध्ये. आत्ता चाळीस काढले."

काकांनी चष्मा काढून पुसला. "मी तपासायला म्हणून आलो, तर म्हटलं, लेकराच्या हातून काही व्हायला नको. मशीनच्या करेक्शनच्या खान्यात दहा टाकले. नि आता चाळीस काढले... बरं, हसू नका!"

"काका, दहा त्रिक तीस," प्रोग्रामर म्हणाला. "चौथे दहा कुणाचे?"

मालकांनी घसा खाकरला. "एकच तुकडा होता रे. रात्रभर डोळा लागला नाही."

गिऱ्हाईक एवढं हसलं, की त्याला स्टूल द्यावं लागलं.

"आता माझं ऐका," ती म्हणाली. "हे टेबल कलतं. आत्ता जे वर आहे, ते पुढच्या क्षणाला बाजूला येतं. जपून धरलेली उंची तिथे जॉब धरणाऱ्या क्लॅम्पवर जाऊन आपटेल. खरी लांबी भरायची, आणि भरणार मी एकटी. बाकीच्यांनी हात खिशात ठेवायचे."

चौघांनीही हात खिशात घातले, गिऱ्हाइकानेसुद्धा. तिने सगळे आकडे पुसले, टूल पुन्हा मोजलं, एकही मिलिमीटर जास्त न धरता. नमुना आरशासारखा उतरला.

"दिवसपाळी," मालक एवढंच म्हणाले. तिला तेवढं पुरलं.

घरी मुलगी लालबुंद होऊन रडत होती. तिने कडेवर घेतलं, कपाळाला हात लावला आणि एकदम थबकली. मग पलंगावर बसून एकेक कपडा उतरवायला लागली.

"हे झबलं माझं. वरचा स्वेटर?"

"मी घातला," नवरा म्हणाला. "खिडकी उघडी होती."

"आतली बंडी?"

"माझी," सासूबाई पुटपुटल्या. "म्हटलं, तुम्ही दोघं घाईत असता."

त्याखाली आणखी एक जाड कोपरी निघाली. तिघांनी एकमेकांकडे पाहिलं. वर्तमानपत्रामागून कुणीतरी घसा खाकरला.

एका पातळ झबल्यात आल्याबरोबर मुलगी रडायची थांबली, सगळ्यांकडे बघून हसली आणि उघडे पाय झाडायला लागली. आईने वर्कशॉपमधलं सगळं सांगितलं. सासऱ्यांना वर्तमानपत्र खाली ठेवून हसावं लागलं.

"उद्यापासून हिला एकानेच कपडे घालायचे," ती म्हणाली. "मी. बाकीच्यांनी हात खिशात."

सगळ्यांनी माना डोलावल्या आणि ते जेवायची तयारी करायला उठले. खोलीत आता ती आणि मुलगीच होती. खिडकीतून किंचित वारं येत होतं. तिने दाराकडे पाहिलं, कपाटातून हळूच मोजे काढले आणि मुलीचा पाय हातात घेतला.

पायात मोजा आधीच होता.