दरडोई आणि पाणपोई

एका जंगलात सोने सापडले, मुलांनो. म्हणजे कोणाला सापडले असे नाही. सापडले आहे असे जाहीर झाले. या दोन्हींत फरक असतो. तो तुम्हाला मोठेपणी कळेल, आणि कळून काही उपयोग होणार नाही.

सोने होते पिवळ्या डोंगराच्या पोटात. जंगलाचा राजा गर्जनराव सिंह. त्याने डोंगराच्या तोंडाशी नागोबाला बसवले. धनावर नाग बसवायचा ही आपली जुनी रीत. नागोबा कोणाला आत जाऊ देत नसे आणि स्वतःही जात नसे.

मग राजाने शुभ्रकांत बगळ्याला बोलावले. हा बगळा एका पायावर उभा राहून विचार करी, म्हणून सगळे त्याला विद्वान समजत.

"महाराज," बगळा म्हणाला, "नुसतं सोनं आहे म्हणून भागत नाही. दरडोई किती ते सांगावं लागतं."

"म्हणजे काय करायचं?"

"डोया मोजायच्या. सोन्याला डोयांनी भागायचं. येईल ते प्रत्येकाचं."

"म्हणजे वाटायचं?" राजा आसनावरून अर्धा उठला.

"छे छे! नुसतं भागायचं."

राजाच्या जिवात जीव आला. बगळा जंगलभर डोया मोजत फिरला. भागाकार झाला: दरडोई एक शेर सोने! माकडांनी दवंडी पिटली. त्या दिवशी हरणांनी गवत जरा सावकाश खाल्ले. श्रीमंतांना घाई शोभत नाही.

याच जंगलात साळूबाई नावाची साळिंदर राहत होती. तिचे एक पिल्लू होते, काटू. उन्हाळा कडक होता, ओढे आटले होते. पाणी उरले होते ते राजाच्या डोहात, आणि तिथे राजाखेरीज कोणी फिरकायचे नाही. पण त्या डोहाचे थोडे पाणी पाटाने वडाखाली येई. ती जंगलाची पाणपोई. राजाच्या आजोबांनी सुरू केलेली. यावे, प्यावे, जावे. तू कोण, कुठला, असे तिथे कोणी विचारत नसे.

साळूबाई काटूला घेऊन वडाखाली आली, तर पाटाच्या तोंडाशी शुभ्रकांत उभा.

"अहो साळूबाई, तुम्ही इथे?"

"पाणी प्यायला आले. पोराची जीभ टाळ्याला चिकटलीय."

"पण पाणपोई आता फक्त गरिबांसाठी आहे. तुमच्या डोईला शेरभर सोनं आहे."

साळूबाईने डोक्यावरून पंजा फिरवला. काट्यांखेरीज काही लागले नाही.

"कुठाय?"

"डोंगरात."

"मग ते घ्या तुम्ही, आणि माझ्या पोराला घोटभर पाणी द्या."

"सोनं देता येत नाही. राखीव आहे."

"मग ते माझं कसं?"

"तुमचंच आहे हो. म्हणून तर एवढं जपलंय."

काटू म्हणाला, "आई, सोनं पितात?"

"नाही रे बाळा," साळूबाई म्हणाली. "नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा. चल."

तहान लागल्यावर विहीर खणू नये म्हणतात. इथे तहान लागल्यावर भागाकार केला होता. मला तर हे सांगतानाही राग येतो, मुलांनो. तुम्हाला येत नसेल तर तुम्ही घरून पाणी पिऊन आला आहात.

साळूबाईने कंद उकरून पाहिले, ते वाळलेले. पहाटे पानांवरचे दव चाटायला नेले, तर दवच नव्हते. काटू आधी रडत होता. मग रडायचा थांबला. रडायलाही अंगात ओल लागते. साळूबाई घाबरली आणि त्याला घेऊन पुन्हा वडाकडे निघाली.

वडाखाली निवांतबुवा कासव घटाघटा पाणी पीत होते आणि बगळा त्यांना स्वतः पाट मोकळा करून देत होता.

"यांना कसं चालतं?" साळूबाईने विचारले.

"यांच्या डोईची नोंदच नाही," बगळा हळहळला. "त्यामुळे सोनंही नाही. अगदीच दरिद्री हो बिचारे!"

साळूबाईने बुवांना बाजूला गाठले. "बुवा, तुमचं डोकं तर मला चांगलं दिसतंय."

"मोजणीच्या दिवशी मी झोपलो होतो," बुवा म्हणाले. "डोकं आत होतं. तो मला धोंडा समजून पुढे गेला."

साळूबाईने स्वतःचे डोके एकदा छातीशी दाबून पाहिले.

इकडे शेराला सव्वाशेर भेटला. शेजारच्या जंगलाने दरडोई सव्वा शेर सोने जाहीर केले. गर्जनराव खवळला.

"आपलं वाढव!" तो बगळ्यावर गुरकावला.

"सोनं वाढवता येत नाही, महाराज. पण उन्हाळा मोठा आहे. डोया कमी झाल्या असतील. पुन्हा मोजून बघतो."

राजाला ही कल्पना फार आवडली. उद्या फेरमोजणी, अशी दवंडी झाली.

त्या संध्याकाळी साळूबाई दारोदार फिरली आणि प्रत्येकाच्या कानात एकच गोष्ट सांगून आली.

सकाळी बगळा निघाला. पाखरांनी माना पंखांखाली घातल्या होत्या. माकडांनी गुडघ्यांत. हरणे झुडपात तोंड खुपसून उभी होती. हत्तीने डोक्यावर अख्खी करवंदीची जाळी ओढून घेतली होती. बाकीचा हत्ती बाहेर होता, पण मोजणी डोईची होती. साळूबाईने काटूला पोटाखाली घेतले, डोके छातीशी दाबले आणि काटे फुलवले. काटूला तेवढेही हलायची ताकद नव्हती.

बगळ्याला सगळे दिसत होते. पण विद्वानाने डोळ्यांवर नाही, पद्धतीवर विश्वास ठेवावा. नागोबाला फणा असतो, डोई नसते, असा त्याने निर्णय दिला. स्वतःला मोजायला तो विसरला. मोजणारे विसरतातच.

"महाराज," तो धापा टाकत आला, "डोई एकच भरली. आपली! दरडोई अख्खा डोंगर!"

सगळ्या जंगलांत पहिला नंबर आला. राजाच्या गळ्यात झेंडूचा हार पडला. आता राजा सोडून सगळे दरिद्री ठरले होते, त्यामुळे पाणपोईवर झुंबड उडाली.

"हे कोण एवढे?" राजाने विचारले.

"डोई नसलेले, महाराज."

"मग पिऊ देत. असलीच प्रजा बरी."

राजाने वडाखाली श्रीमंतीवर लांबलचक भाषण केले. ते सगळ्यांच्या डोक्यावरून गेले, कारण डोकी खाली होती. एकही मान वर आली नाही. ही शिस्त पाहून राजाचे डोळे पाणावले.

साळूबाईने काटूला पाटाशी नेले. तो प्याला, ठसकला, पुन्हा प्याला. मग त्याने खालच्या मानेनेच विचारले, "आई, आता डोकं वर काढू?"

"पोट भरलं?"

"हो."

"मग नको. उद्या परत तहान लागेल."

तात्पर्य: डोके असलेला प्रत्येक जण श्रीमंत असतो. ज्याला पाणीही हवे असेल, त्याने डोके वर काढू नये.