टबातली भाजी मरता मरेना

तक्रार-खिडकीवर जन्म काढलेल्या माणसाने घरात काही पेरू नये. पण हे आमच्या तपासरावांना सांगणार कोण? पाणीपुरवठा कार्यालयात लोक तावातावाने भांडायला यायचे आणि हे थंडपणे म्हणायचे, "तपास सुरू आहे." खात्याची चूक झाली असं त्यांनी एकदाही कबूल केलं नव्हतं. नोकरीचा नियमच तो! नाव पडलं ते त्यावरूनच.

तर एका रविवारी त्यांनी ठरवलं, गॅलरीतल्या फुटक्या टबात भाजी लावायची. याआधी त्यांनी लावलेला निवडुंग वाळून गेला होता (निवडुंग! वाळवंटात ज्याला कुणी विचारत नाही, तो यांच्या प्रेमाने गेला). घरात एकदा तरी आपलं काहीतरी जमावं, एवढीच बिचाऱ्यांची इच्छा. रोपवाटिकेवाला म्हणाला, "साहेब, ही न्या. पालकासारखीच लागते. ऊन, वारा, खारी माती, कशालाच दाद देत नाही." यांनी 'पालकासारखी' एवढंच ऐकलं.

भाजी लागली. लागली कसली, सुटलीच! टब भरला, कठडा भरला, खालच्या मजल्यावरच्या दातांच्या डॉक्टरांच्या खिडकीत डोकावायला लागली. तपासरावांची छाती फुगली. "आजपासून बाजारातून पालेभाजी आणायची नाही!"

मग काय विचारता! सकाळी तीच, डब्यात तीच, रात्री तीच. सुपात ती, ऑम्लेटमध्ये ती. कापावी तेवढी दुप्पट फुटायची.

"अहो, आम्ही माणसं आहोत, शेळ्या नाही," बायको एकदा कडाडली. "पुरे करा आता!"

"तक्रार नोंदवून घेतली आहे."

"नोंदवून घेतली? हे घर आहे, तुमचं ऑफिस नाही!" तिने पळी आपटली.

"असू दे गं, हौसेनं लावलंय त्याने," आई म्हणाल्या. मुलाची बाजू त्यांनी आजवर कधी सोडली नव्हती. भाजी मात्र त्यांनी ताटाच्या कडेला सारली होती.

खरं सांगायचं तर तपासरावांनाच आता तिचा वास नकोसा झाला होता. पण कबूल कोणत्या तोंडाने करणार? जन्मात जमलेली एकच गोष्ट! ती आपण होऊन गेली, तर मात्र कुणी आपल्याकडे बोट दाखवणार नाही. म्हणून रोज दूध आणायला जाताना ते गुपचूप टबात मूठभर मीठ टाकू लागले. भाजी आणखीच तुकतुकीत झाली. तपासरावांचं डोकं फिरायची वेळ आली.

एका रात्री त्यांनी पहिला घास घेतला आणि तोंड वाकडं केलं. "मीठ जास्त झालंय."

"काय?" बायको कमरेवर हात ठेवून उभी राहिली. "काल खारट म्हणालात, परवा खारट म्हणालात, म्हणून आज मुद्दाम अळणी केलीय. चिमूटभरही घातलेलं नाही मी!"

"मग खारट कशी?"

"तेच विचारतेय मी. आणि मिठाची बरणी सारखी रिकामी कशी होते, तेही सांगा."

आईंनी एक पान चघळून बघितलं. "अगं, पाल्यातच मीठ उतरलंय हिच्या."

दोघींच्या नजरा तपासरावांवर खिळल्या. सवयीने त्यांच्या तोंडून निघालं, "तपास..."

"खबरदार!"

"मी टाकलं," ते पुटपुटले. "वैतागलो होतो गं. म्हटलं, मरेल एकदाची."

आता दोघी घर डोक्यावर घेणार असं त्यांना वाटलं. पण बायको मटकन खालीच बसली. "अहो, मग आधी नाही का बोलायचं! मी रोज उकळतं पाणी ओततेय तिच्यावर."

"आणि मी साबणाचं," आई खाली मान घालून म्हणाल्या.

तपासराव आईकडे वळले. "आई, तूसुद्धा? तिघं तिच्या जिवावर उठलो, तरी ती हटली नाही! या घरात माझी लाज राखली ती तिने एकटीनेच."

"आणि तिच्याच मुळावर तुम्ही उठलात," बायको म्हणाली आणि भाजीचं अख्खं पातेलं तिने त्यांच्यापुढे सरकवलं. "आता तिची लाज तुम्ही राखा. संपवा सगळी."

सासूसुना उठल्या. एरवी भांडी कुठे ठेवायची यावरूनही दोघींचं पटत नसे, पण आज त्यांनी गुण्यागोविंदाने बटाटे उकडायला ठेवले. थोड्या वेळाने तपासरावांनी दारात येऊन हळूच एक बटाटा मागितला.

'नाही' म्हणाल्या त्या आई.