यादीतलं कमी नाव

जनीमावशी कुणाच्या घरी गेली की नमस्कार नाही, चहापाणी नाही. उंबऱ्यातूनच विचारते, "पोरां किती? आतल्या खोलीतली धरून सांगा!" भल्याभल्यांची बोबडी वळते.

अंगणवाडीतून निवृत्त झाल्यावर तिने मिठबावच्या किनाऱ्यावर मुलांच्या शर्यती सुरू केल्या. सगळ्या मुलांच्या. कुबडीवाला, कमी दिसणारी, चाकाच्या खुर्चीतला आणि झाडावरून न उतरणारी धडधाकट वानरं, सगळी एकत्र. ओहोटीला वाळू घट्ट होते, चाकं रुतत नाहीत, म्हणून वेळ समुद्र ठरवणार. प्रमुख पाहुण्यांनी उशिरा येतो म्हणून कळवलं, तर ही म्हणाली, "सायबांका सांगा, दर्या थांबाचो नाय!"

एकदा तालुक्याहून फॉर्म आला. त्यात 'मुलाचा प्रकार' असा रकाना. मावशीने मला सगळ्या नावांपुढे एकच शब्द लिहायला लावला: उनाड.

मी शाळामास्तर. अक्षर बरं, म्हणून यादी माझ्याकडे. भाषणही मीच ठोकतो, "प्रत्येक मूल मैदानावर आलं पाहिजे!" टाळ्या पडतात. आणि माझी ओवी, नऊ वर्षांची, जन्मापासून पायांनी अधू, घरात. मावशीने विचारलं की मी थोरल्या मुलाचं नाव सांगून म्हणायचो, "एकच." मास्तरांची पोर म्हणून लोक बघत बसतील, याची लाज वाटायची. आता त्या लाजेचीच लाज वाटते.

यंदा छातीवर लावायचे नंबर मी वाटले. मावशीने जुन्या साडीचे शिवलेले. एक उरला.

"मावशे, एक जास्त शिवलास."

"नाय मास्तरांनू. तुमच्या यादीत एक नाव कमी आसा."

माझी मान वर होईना. मला वाटलं, आता चारचौघांत सालटी काढणार. पण ती हळूच म्हणाली, "माझो भाऊस चालूक शकत नाय होतो. एकदा शाळेतले मास्तर घराकडे इले. पोरां किती, इचारल्यानी. मी सांगलंय, एकच. आतसून तेना आयकल्यान." ती नंबरच्या दोऱ्या सोडवू लागली. "तो गेलो. माका काय बोललो नाय कधी. जावा, भरतीचा पाणी येवच्या आधी तिका घेवन येवा."

मी धावतच घरी गेलो. ओवी नवा फ्रॉक घालून, दोन वेण्या घालून पडवीत बसलेली. मला बघून दचकली.

"हिला कुणी सांगितलं?" मी बायकोला विचारलं.

"कोणी कशाक सांगूक व्हया?" ती म्हणाली. "शर्यतीच्या दिवशी दर वर्षी अशीच बसता. तुमका दिसाक नको म्हणान, तुम्ही येवच्या आधी वेणी सोडता."