निरोगी क्रमांक सदतीस

न्हाणीघराची कडी खट्ट वाजली आणि बाहेर गुपचूप बसलेल्या दोघी मायलेकींनी एकदमच श्वास सोडला. गेली वीस मिनिटं घरात पंखासुद्धा बंद होता. "आवाज झाला की मला होत नाही," असं सासऱ्यांनी आत जाताना बजावलं होतं.

ते बाहेर आले ते बक्षीस मिळाल्यासारखी बाटली उंच धरून. "घे. काठोकाठ आहे."

"अर्धीच हवी होती, बाबा."

"असू दे. संशोधनाला कमी पडायला नको."

सून प्रयोगशाळेत काम करायची. मूत्रपिंडाच्या कर्करोगाची खूण लघवीत सापडते का, हे शोधायला तिने सुरुवात केली तेव्हा लेक बालवाडीत होती. आता तिचे दात पडायला लागले होते. रुग्णांच्या लघवीत आणि शस्त्रक्रियेत काढलेल्या गाठींच्या तुकड्यांत काय काय आहे, ते यंत्र कागदावर आलेखाचे सुळके काढून दाखवायचं, एकेका पदार्थाचा एकेक सुळका. त्यातला एक सुळका प्रत्येक रुग्णाच्या लघवीत होता आणि एकाही निरोगी माणसाच्या लघवीत नव्हता. गाठींच्या तुकड्यांत मात्र तो कधीच दिसला नाही. "गाठ तो ठेवून घेत नसेल, लघवीत सोडून मोकळी होत असेल," असं सर म्हणाले आणि विषय संपला. त्या सुळक्यावर तिचा प्रबंध उभा होता आणि प्रबंधावर तिची नोकरी.

अडचण निरोगी माणसांची होती. साठीपुढची चाळीस हवी होती आणि छत्तीसवर गाडी अडली होती. शेजारचे काका तर तिची पिशवी दिसली की लिफ्ट सोडून जिन्याने उतरत. म्हणून शेवटी घरचेच सासरे धरले. त्यातही निरोगी लोकांसाठीची पांढऱ्या झाकणाची शेवटची बाटली लेकीने रंगाचे ब्रश बुडवायला घेतलेली. मग पिशवीत पडलेली लाल झाकणाची, वॉर्डातली बाटली दिली. बाटलीसारखी बाटली, त्यात काय.

तिसऱ्या दिवशी यंत्राने निरोगी क्रमांक सदतीसचा कागद बाहेर टाकला. सुळका होता. चांगला घसघशीत होता.

तिने तीनदा तपासलं. तिन्ही वेळा तोच. कुणालाही कळायच्या आत लघवीतून पकडलेला कर्करोग, ज्याची ती अडीच वर्षं वाट बघत होती, तो असा घरात, खुर्चीत, पाय वर घेऊन बसलेला असेल हे तिच्या ध्यानीमनी नव्हतं.

पुढचे चार दिवस घरी ती सासऱ्यांना न मागता दुसऱ्यांदा चहा देत राहिली. टीव्हीचा आवाज कमी करा म्हणाली नाही.

"बाबा, दमायला होतं का हल्ली?"

"तू विचारायला लागल्यापासून होतं."

"पाठ दुखते?"

"सूनबाई, चार दिवस झाले, तू माझ्याशी भांडली नाहीस. मला काय झालंय ते एकदा सांगून टाक."

"काही नाही हो. निरोगी माणसांचा आतला फोटोही लागतो अभ्यासाला."

फोटो म्हटल्यावर ते इस्त्रीचा शर्ट घालून, केस विंचरून स्कॅनला आले. दोन तास ती बाकावर बसून त्यांच्याशी केलेली भांडणं एकेक करून मनात परत घेत होती.

डॉक्टरीणबाई बाहेर आल्या. "अहो, विशीतल्या मुलाच्या असाव्यात अशा किडन्या आहेत. कशाला आणलंत यांना?"

"तिला विचारा," सासरे म्हणाले. "तिचा विश्वास नाही."

लिफ्टमध्ये तिसऱ्या मजल्यापासून दुसऱ्यापर्यंत ती आनंदाने रडली. दुसऱ्याच्या खाली आल्यावर तिला सुचलं की हे ठणठणीत असतील, तर तो सुळका कशाचा?

दुपारी तिने लाल झाकणाच्या कोऱ्या बाटलीत नळाचं पाणी भरलं, हलवलं आणि यंत्रात घातलं. पाण्याला मूत्रपिंडाचा कर्करोग निघाला.

सरांनी कागद उलटसुलट करून पाहिला. "पाणी दुसरं घेऊन बघितलंत?"

"तीन नळांचं बघितलं, सर. लाल झाकणाच्या आत रबराची चकती आहे. ती विरघळते. रुग्णांच्या सगळ्या बाटल्या लाल झाकणाच्या, निरोगींच्या पांढऱ्या."

"आणि गाठीचे तुकडे?"

"ते काचेच्या नळ्यांत होते."

"म्हणजे गाठ बिचारी खरं सांगत होती," सर म्हणाले आणि त्यांनी चष्मा काढून ठेवला. "अडीच वर्षं आपण झाकण शोधत होतो."

संध्याकाळी ती घरी आली तेव्हा सासरे फोनवर कुणाला तरी आपला रिपोर्ट मोठ्याने वाचून दाखवत होते, स्पेलिंगसकट. ती स्वयंपाकघरात ओट्याला टेकून उभी राहिली आणि मग हळूच खाली बसली. लेक येऊन मांडीत शिरली, आईचे गाल हाताने पुसून ओले हात स्वतःच्या फ्रॉकला पुसू लागली.

"आजोबांना काही झालंय?"

"नाही गं राणी. अगदी छान आहेत ते."

"मग का रडतेस?"

"माझं काम चुकलं. खूप दिवसांचं होतं."

लेकीने त्यावर विचार केला. पडलेल्या दाताच्या जागी जीभ फिरवत तिने बराच विचार केला.

"आई, मग आजोबा आजारी असते तर तुझं काम बरोबर आलं असतं का?"