केसभर चढा सूर

सुजयने क्लॅरिनेट तोंडाला लावली, बुवांच्या पेटीच्या षड्जात आपला षड्ज हलकेच सोडला, आणि पडवीत बसलेल्या सगळ्यांची तोंडं चिंच चावल्यासारखी झाली. दोन्ही सूर एकमेकांत मिसळायचं नावच घेईनात. पखवाजावर बसलेल्या विठूने थाप मारायला उचललेला हात तसाच हवेत ठेवला.

"चढा हाय तुमचा सूर," गंगाराम बुवा म्हणाले. "जास्त नाय, केसभर. पण चढा हाय."

आता खरं सांगायचं तर सुजयचा सूर चोख होता. सूर तपासायचं अ‍ॅप त्याच्या मोबाइलवर हिरवं हिरवं हसत होतं. उतरली होती ती बुवांची पेटी. वडिलांच्या वेळची ती पेटी, दमट हवा खाऊन खाऊन खाली बसली होती. पण हे बुवांना सांगायचं कुणी? पालीच्या आसपासच्या गावांत बुवांच्या भजनाला तोड नव्हती आणि अख्खं मंडळ त्याच पेटीवर गात मोठं झालं होतं. गेल्या साली बुवांच्या मुलीला बघायला चिपळूणचा एक इंजिनीअर आला होता. "पेटी जरा उतरलीय का?" एवढंच तो बोलला, आणि बशीतले पोहे तसेच टाकून त्याला वाट धरावी लागली.

ती मुलगी म्हणजे निशिगंधा. रत्नागिरीत सुजय ज्या पतसंस्थेत कामाला होता, तिथेच तीही होती, आणि दोघांनी लग्न करायचं पक्कं केलं होतं. फक्त बुवांचा होकार यायचा होता. आत्ता ती स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून सुजयकडे डोळे वटारत होती. तोंड उघडलंस तर सगळं संपलं, असं ते डोळे सांगत होते.

"होय बुवा," सुजय म्हणाला. "माझाच चढा आहे."

बुवांनी पेटीचा भाता मिटला. मग म्हणाले, "माघी गणपतीला आमचं भजन हाय. साथीला बसा. सुराला सूर लागला तर पुढचं बोलू."

नाही लागला तर काय, ते विचारायची सुजयची छाती झाली नाही.

क्लॅरिनेटचा सूर उतरवायचा तर सगळी भिस्त बॅरलवर. तोंडात धरायचा भाग आणि खालची नळी यांच्यामध्ये पिंपासारखा फुगीर, बोटभर लांबीचा एक लाकडी तुकडा असतो, तो बॅरल. तो जितका लांब, तितका सूर खाली. सुजयने आधी आहे तोच बॅरल थोडा वर ओढून बघितला. सूर उतरला, पण सांधा लटलटायला लागला आणि चालू वाजवण्यात खालची अख्खी नळी सुटून त्याच्या आईच्या, सगुणाबाईंच्या पायावर पडली.

"मेल्या, लगीन करायचंय की नळाचं काम घेतलंयस?" अंगठा चोळत त्या ओरडल्या.

मग ऑनलाइन मागवणं आलं. पहिला लांब बॅरल आला, तो पुरेसा लांब नव्हता. दुसरा आला, त्याने खालचे सूर सरळ झाले तर मधले बिघडले. दोन्ही परत गेले. इकडे माघ जवळ येत चालला. सुजयची झोप उडाली. पतसंस्थेत ठेवीदार व्याजाचा दर विचारायचा आणि हा "केसभर कमी" म्हणून मोकळा व्हायचा. साहेबांनी त्याला दोनदा आत बोलावून घेतलं.

शेवटी निशिगंधेने वाट काढली. बुवा रियाजाला बसले असताना तिने कॅलेंडरमागे मोबाइल लपवून पेटीचा षड्ज टिपला आणि सुजयला पाठवला. तो घेऊन सुजय पाली बाजारातल्या भागोजी कातार्‍याकडे गेला. भागोजी लाटणी करायचा, पोळपाट करायचा, पाळण्याचे खूर करायचा. बॅरल त्याने जन्मात बघितला नव्हता.

"असलाच, पण थोडा लांब करायचा," सुजयने आपला मूळ बॅरल त्याच्या हातात दिला.

"करू की! वरती नक्षी काढू काय? बिननक्षीचं लाटणंसुद्धा आमी देत नाय."

"नक्षी नको हो! भोक तेवढं बरोबर पाडा."

शिसवीचे चार तुकडे फुकट गेले. पाचवा बसला. सुजयने भागोजीच्या दुकानातच, भुशाच्या ढिगावर उभं राहून क्लॅरिनेट वाजवली आणि मोबाइलमधला षड्ज लावला. दोन्ही सूर एक! कुठला कुणाचा, ते कळेना. सुजयला अक्षरशः रडू आलं. भागोजीने नको नको म्हणता नक्षी काढली होतीच, पण आता त्यावर वाद घालण्यात अर्थ नव्हता. "आणखी एखादं गिर्‍हाईक आलं तर नमुना असूदे," म्हणत भागोजीने मूळ बॅरल फळीवर ठेवून घेतला, आणि आनंदाच्या भरात सुजयने तो ठेवू दिला.

माघी गणपतीला मांडव माणसांनी भरला. सगुणाबाई नवी साडी नेसून पहिल्या रांगेत. बुवा पेटीमागे बसले, विठूने पखवाजाच्या डाव्या तोंडाला कणीक लावली, आणि बुवांनी भाता दाबून षड्ज धरला.

पेटी चढली होती! केसभर वर, अगदी चोख, अ‍ॅपने पसंत करावी अशी.

त्याने मान वळवून मांडवाच्या कडेला बसलेल्या निशिगंधेकडे बघितलं. ती सरकत सरकत जवळ आली.

"हे काय झालं गं?" तो पुटपुटला.

"भात्याला भोक पडलंय म्हणून बाबा परवा पेटी मिरजेला वाद्यं दुरुस्त करणार्‍याकडे घेऊन गेले होते," ती रडवेली होऊन म्हणाली. "सूरच लावून आणलेत रे! मला आत्ता कळतंय."

आता बोला! लांब बॅरल ओढून आणखी लांब करता येतो. आखूड कसा करायचा? आणि मूळचा तर पालीला भागोजीच्या फळीवर.

"काय वो, लावा ना सूर," बुवा म्हणाले.

सुजयने गणपतीकडे बघितलं आणि फुंकर मारली. सूर पडला. त्याने क्लॅरिनेटच्या तोंडाची पत्ती ओठांत घट्ट आवळून सूर वर रेटला, तर माइकमधून असा चीत्कार निघाला की पहिल्या रांगेतलं एक तान्हं मूल भोकाड पसरून रडायला लागलं. पोरं खिदळली. सगुणाबाईंनी पदर तोंडाला लावला. निशिगंधेने डोळे मिटून घेतले. संपलं, सुजयला वाटलं, सगळं संपलं.

बुवांनी पेटी थांबवली. माइक जवळ ओढून बुवा खाकरले.

"मंडळी, माफी करा. आज माझी पेटी चढली हाय. चूक पेटीची."

विठूच्या हातातली कणीक खाली पडली. बुवांच्या तोंडून असलं वाक्य मंडळात कुणी कधी ऐकलं नव्हतं. बुवांनी भाता बंद केला, पेटी बाजूला सारली आणि सुजयकडे वळून म्हणाले, "धरा तुमचा षड्ज. आज मी तुमच्यावर गातो."

सुजयने सूर धरला आणि बुवांनी त्या उतरलेल्या सुरात असा काही अभंग उचलला की मांडव डोलायला लागला. शेवटच्या गजराला तर म्हातारी माणसंही उठून उभी राहिली. आरतीनंतर बुवांनी सगळ्यांसमोर सगुणाबाईंना हात जोडले आणि म्हणाले, "बाय, वैशाखातला मुहूर्त चालेल ना?" सगुणाबाईंना रडावं की हसावं ते कळेना.

सुजय मांडवामागे जाऊन एकटाच उभा राहिला. आपल्यापायी एवढा मानी माणूस चारचौघांत खाली उतरला, हे त्याला सहन होईना. बुवांना सगळं खरं सांगून टाकायचं, त्याने ठरवलं. तेवढ्यात कापडाच्या पलीकडे विठूचा आवाज आला.

"बुवा, खरंच पेटी चढली होती काय वो?"

"खुळा काय तू? आता कुठं चोख लागलीय पेटी," बुवा दबक्या आवाजात म्हणाले. "पोरगा पडलेला. त्या दिवशी पडवीत त्याचा बरोबर होता, माझीच पेटी उतरलेली. घरात एवढी माणसं असून कुणी बोलला नाय, म्हणून गुपचूप मिरज गाठली. आज त्याचं काय बिघडलं, देव जाणे."

"मग सांगायचं ना त्याला तोंडावर!"

"गप मेल्या! चिपळूणवाला पोहे टाकून गेला, हा चांगला गावलाय. एकदा अक्षता पडू देत डोक्यावर, मग कान पिळतो."